चर्चच्या उतारावरचं रडणं

केरेन्सा: बाबा, आजोबा अजून या गाडीत बसून रडतात का?

जोरी: काय?

केरेन्सा: माझा प्रश्न नाहीये हा! वर्गातल्या पोरींनी पैज लावली, बाबाच्या तोंडावर विचारून दाखव म्हणाल्या. विचारला. जिंकले! आता उत्तर दे.

जोरी: एकोणीसशे एकोणतीस सालची गाडी आहे, केरी. म्हाताऱ्या गाड्या कण्हायच्याच.

केरेन्सा: कण्हत नाही, रडते. हुंदके देऊन. आणि नेमकी चर्चच्या उतारावर, आजोबांना पुरलंय तिथेच. अख्ख्या गावाने ऐकलंय. परवा तू चालवत होतास तेव्हा तुझेच ओठ पांढरे पडले होते. मी बघितलं.

जोरी: बॅटरीचा उजेड धर. इकडे, मागच्या एक्सलवर. हे बूच काढलं की तेल बोटाला लागायला पाहिजे.

केरेन्सा: लागलं?

जोरी: कोरडं ठणठणीत. एप्रिलमध्ये मी स्वतः काठोकाठ भरलं होतं.

केरेन्सा: मग गेलं कुठे? खाली फरशीवर थेंब नाही. बाबा, काटा आला बघ माझ्या अंगावर.

जोरी: माझ्याही. चाक काढ.

केरेन्सा: मी?

जोरी: पैज जिंकलीस ना? मग काढ. आता ब्रेकचा ड्रम ओढ. हळू, पायावर पाडून घेशील!

केरेन्सा: ईऽऽ! सगळं तेल इथे आत! ब्रेकचे लायनर बघ, भज्यांसारखे निथळतायत. म्हणजे परवा ब्रेक...

जोरी: नव्हतेच म्हणायचे. आणि आपण तिघं त्या उतारावरून खाली आलो.

केरेन्सा: तेल अडवणारं सील फाटलं असेल.

जोरी: नवंकोरं आहे. त्याला रेटून तेल बाहेर यायचं, तर आतून कुणीतरी ढकलायला हवं.

केरेन्सा: 'कुणीतरी' नको ना म्हणूस!

जोरी: एक्सल तापला की आतली हवा फुगते. तिला जायला वर एक भोक असतं, टाचणीएवढं.

केरेन्सा: कुठे? दिसत नाहीये. सगळीकडे तुझा काळा रंग. आरसा केलायस नुसता!

जोरी: रंगाखाली आहे ते. माझे वडील गेले, वाटलं, त्यांची गाडी झळाळली पाहिजे. तीन हात मारले. हवेची वाट मीच बुजवली. मग हवेने तेल ढकललं, आतल्या गिअरचे दाते कोरडे घासले. उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की त्यांच्यावर उलटा जोर येतो. तेव्हा ओरडतात.

केरेन्सा: म्हणून चर्चपाशी! भूतबित काही नाही!

(केरेन्साची आई, लव्हडे, गॅरेजच्या दारात येते.)

लव्हडे: अरे, इतक्यात परत आलात?

जोरी: कुठून?

लव्हडे: फिरून. आत्ता कबरीवर फुलं ठेवत होते, तर उतारावरून तेच रडणं गेलं. धुक्यात गाडी दिसली नाही, पण तो आवाज ओळखते की मी.

केरेन्सा: आई, गाडीला चाक नाहीये. सकाळपासून ठोकळ्यांवर आहे.

लव्हडे: थट्टा नको हं. मी ऐकलंय.

केरेन्सा: बाबा, तू असा का बघतोयस?

जोरी: उरलेल्या रंगात मी पेंगेलीकाकांच्या अशाच जुन्या गाडीचाही एक्सल रंगवून दिला होता.

लव्हडे: पेंगेलींचा? ते आज बायकोला घेऊन बंदरावर चहाला चाललेत. जोरी, तिथला उतार म्हणजे भिंत आहे!

केरेन्सा: फोन लाव त्यांना!

जोरी: घरीच ठेवतात फोन. आणि सांगू काय? वीस वर्षं लोक आपल्या जुन्या गाड्या विश्वासाने माझ्या हातात देतात. हे कळलं तर कोण देईल? कदाचित तो त्यांच्या गाडीचा आवाज नसेलही.

लव्हडे: मग कुणाचा होता?

केरेन्सा: बाबा, त्यांना सांगायचं की नाही?

लव्हडे: जोरी, हात नंतर पूस, ती विचारतेय तुला.

केरेन्सा: राहू दे. ऐका दोघं. काका वळशाने जातात. मी शेतातून सायकल मारली, तर बंदराचा उतार लागायच्या आधी सपाटीवर त्यांना गाठते. रस्त्याच्या मधोमध उभी राहणार आहे मी. का थांबवलंस म्हणाले, तर रंगाचं सगळं सांगणार. आई, तुझ्या गाडीची किल्ली बाबाला दे. बाबा, तू आधी पोचलास तर तूच सांग.