चार पुड्या

आक्का : पुडी अशी हलवत बोलू नकोस. बिया सांडतील.

बाब्या : नाही सांडत. आमची ही घडीच अशी घालायची की उलटी केली तरी बी पडायचं नाही. मला उघडायलाच अर्धा तास लागला.

आक्का : आणि उघडून काय केलंस?

बाब्या : परत मिटली. आता पहिल्यासारखी मिटत नाही. ते जाऊ दे. टोमॅटोचं बी ह्याच आठवड्यात ट्रेमध्ये टाकायला हवं, नर्सरीवाला म्हणाला. म्हणून तुला फोन केला.

आक्का : तू मला बोलावलंस ते टोमॅटोसाठी? मी सकाळची पहिली बस पकडून आले. म्हटलं, ह्याला काय झालं.

बाब्या : मला काही झालेलं नाही. नर्सरीवाला विचारतो, काका, जात कुठली? उघड्यावर लावायची वेगळी, छपराखालची वेगळी. मी म्हटलं, पुडीवर लिहिलंय बघ. त्यानं वाचलं आणि हसायलाच लागला. म्हणाला, फेकून द्या, माझ्याकडची तयार रोपं न्या.

आक्का : काय लिहिलंय एवढं हसण्यासारखं?

बाब्या : एकीवर 'मामंजी'. म्हणजे आपले आबा. एकीवर 'धाकटी'. म्हणजे माझी धाकटी मुलगी. आणि एकीवर 'हे'.

आक्का : 'हे' म्हणजे तू.

बाब्या : दुसरं कोण असणार? जन्मभर मला हेच नाव होतं.

आक्का : फोनवर चार पुड्या म्हणाला होतास. चौथी कुठे?

बाब्या : चौथीवर काही विशेष नाही.

आक्का : मग तिच्यावर हात का ठेवलायस?

बाब्या : आक्का, माणूस गेल्यावर त्याचं काही मनावर घ्यायचं नसतं.

आक्का : 'वन्सं' लिहिलंय ना? पेन्सिलीनं. आणि खाली दोन रेघा.

बाब्या : तुला कसं कळलं?

आक्का : जाड सालीचा, चवीला बेताचा, पण कुठेही टाका, मरत नाही. तो टोमॅटो म्हणजे मी.

बाब्या : असं कोण म्हणालं?

आक्का : तीच. मलाच. आणि वर पाच मिनिटं हसत होती.

बाब्या : तुमचं तर बोलणं नव्हतं.

आक्का : तुझ्यासमोर नव्हतं.

बाब्या : म्हणजे?

आक्का : आधी पाणी दे मला. बसमधून उतरल्यापासून उभी आहे. आणि त्या खुर्चीवरचे पाइप उचल, माणसानं बसायचं कुठे? नळदुरुस्तीचं दुकान घरात आणून ठेवलंयस.

बाब्या : हे घे पाणी. आता सांग.

आक्का : तुझ्या लग्नानंतर मी चार दिवस राहायला आले होते. तिच्या स्वयंपाकघरातली फळी मी तिला न विचारता लावून टाकली. डबे वर, वाट्या खाली. मला वाटलं, पोरगी नवीन आहे, मदत करू.

बाब्या : ते आठवतंय. तीन वर्षं ती ते बोलून दाखवायची. म्हणून तर मी तुझ्यापुढे तिचं आणि तिच्यापुढे तुझं नाव काढायचो नाही. चाळीस वर्षं सांभाळलं मी.

आक्का : फार चांगलं सांभाळलंस. मी मग समेट म्हणून आमच्या परसातले टोमॅटो पाठवले. तुझ्याच हाती. कापडी पिशवीत.

बाब्या : निळ्या पिशवीत. पण ती शिजवले म्हणाली होती.

आक्का : शिजवले कसले! रागानं मागच्या दारी भिरकावले. पुढच्या वर्षी तिथे रान माजलं. ही उपटायची, ते परत यायचे. शेवटी एका मंगळवारी तू कामाला गेल्यावर मला फोन केला. ना नमस्कार, ना कशा आहात. म्हणते, वन्सं, तुमचे टोमॅटो काही केल्या मरत नाहीत, काय करू?

बाब्या : मग?

आक्का : मी म्हटलं, खा. तिथून सुरू झालं. दर मंगळवारी अकरा वाजता.

बाब्या : दर मंगळवारी? आणि मला सांगितलं नाहीत?

आक्का : ती म्हणायची, ह्यांना कळलं तर मध्ये येऊन बसतील आणि नळाबद्दल बोलतील.

बाब्या : बोललो असतो. खरं आहे.

आक्का : चल, मागे दाखव. तिचं ते प्लॅस्टिकचं छप्पर तपासलंस का? मामंजी आणि 'हे' ती छपराखालीच लावायची.

बाब्या : मागे नको जाऊस.

आक्का : का?

बाब्या : छप्पर नाही आता.

आक्का : नाही म्हणजे? वाऱ्यानं उडालं?

बाब्या : मी काढलं. ती गेल्यावर दहाव्या की अकराव्या दिवशी. त्याचे पाइप हे बघ, ह्या कोपऱ्यात आहेत. प्लॅस्टिक शेजारच्या गॅरेजवाल्याला दिलं, गाडीवर घालायला.

आक्का : अरे, पण कशाला?

बाब्या : त्याचा एक कोपरा फाटला होता. दोन वर्षं ती म्हणत होती, अहो, तेवढा कोपरा लावून द्या, फडफडतो, पाणी आत येतं. मी म्हणायचो, उद्या. लोकांच्या घरचे नळ त्याच दिवशी करून द्यायचो, आक्का. आणि हिला उद्या. मग ती गेली आणि वारा सुटला की तो कोपरा वाजायचा. मी पाना घेतला आणि सगळं उतरवलं. एका सकाळीत. दोन वर्षं जे झालं नाही ते एका सकाळीत झालं.

(आक्का ग्लास खाली ठेवते.)

आक्का : जेवतोस ना वेळेवर?

बाब्या : जेवतो.

आक्का : काय जेवतोस ते संध्याकाळी बघते. आता पुड्या इकडे आण. छप्पर नाही, तर उघड्यावर काय टिकेल ते बघू. माझी पुडी आधी.

बाब्या : तू मनावर नाही ना घेतलंस?

आक्का : चाळीस वर्षांपूर्वी घेतलं होतं, तेव्हाच संपलं. लिही. हा झुडपी आहे, काठी लागत नाही. पाऊस पडला तरी फळ तडकत नाही, पानांवर करपा सहसा येत नाही. उघड्यावरचा वाफा ह्याला दे. दहा रोपं लाव. कच्चा खाशील तर नावं ठेवशील, शिजवून चांगला लागतो.

बाब्या : धाकटी?

आक्का : गोटीएवढा. घोसानं येतो. सगळ्यांच्या आधी पिकतो, म्हणून बाहेर चालतो. पण पसरतो फार. आवरायला गेलास तर तुझंच डोकं फिरेल. कुंपणावर सोड आणि गप्प बस.

बाब्या : अगदी धाकटीच. आणि आबा?

आक्का : मामंजी मोठे, लाल, देखणे. पण येतो येतो म्हणून यायला वर्षाअखेर. बाहेर लावलंस तर पिकायच्या आत थंडी पडेल. तीनातली दोन वर्षं हिरवेच राहतात. दक्षिणेच्या भिंतीला एक रोप लाव, भिंतीची ऊब मिळेल. आबांसाठी एक पुरे. त्यांना एकटंच बसायला आवडायचं.

बाब्या : आता 'हे'. ह्यात नऊच बिया आहेत. मोजल्या मी. मी ठरवलंय, सगळ्या लावायच्या. चांगला मोठा वाफा करतो, शेणखत घालतो.

आक्का : बाहेर?

बाब्या : दुसरीकडे कुठे?

आक्का : बाहेर नाही टिकणार रे तो.

बाब्या : का? काय वाईट आहे त्याच्यात?

आक्का : ऐकवेल?

बाब्या : तुझ्याबद्दल ऐकलंस ना तू? मग मीही ऐकतो.

आक्का : साल पातळ. पाणी जरा जास्त झालं की तडकतो, कमी झालं की मान टाकतो. बांधून ठेवावं लागतं, फुटवे काढावे लागतात. पाऊस अंगावर आला की आठवड्यात करपला. दरवर्षी ती माझ्याकडे रडगाणं गायची. मी म्हणायचे, अगं, सोड तो नाद. बाजारात दुसऱ्या जाती नाहीत का?

बाब्या : मग सोडला का नाही?

आक्का : म्हणायची, वन्सं, एवढं सगळं करून एक नीट पिकला ना, की वर्षभर पुरतो. आणि दरवर्षी त्याचंच बी आधी धरायची. गेल्या तीन वर्षांत मात्र तिला नाही जमलं. तेव्हा हे बी चौथ्या वर्षातलं. यंदा उगवलं तर उगवलं. पुढच्या वर्षीचा भरवसा नाही.

बाब्या : मी खाल्ले असतील ते. पानात फोडी असायच्या. कुठला कुठला, कधी विचारलं नाही.

आक्का : तेही ती सांगायची. न विचारता ते पहिले संपतात, असंही म्हणायची.

बाब्या : मग आता काय करू? बाहेर मरणार, न लावलं तरी मरणार.

आक्का : घरात खिडकी नाही? ही बघ, ऊन कुठवर येतंय. चार बिया कुंडीत टाक, इथे ठेव. पाच राहू देत. ह्या चार चुकल्या तर हाताशी असतील.

बाब्या : पाइप आहेतच. प्लॅस्टिक नवं आणलं तर छप्पर महिन्याभरात उभं राहील. रोपं मोठी होईपर्यंत.

आक्का : महिन्याभरात की उद्या?

बाब्या : रविवारी सुरू करतो. तू आहेस ना रविवारपर्यंत? बघ समोर बसून.

आक्का : बसते. आणि एक लक्षात ठेव. घरात वारा नसतो, माशी नसते. फूल आलं की दुपारी त्याला हळूच टिचकी मारायची. नाहीतर फळ धरत नाही.

बाब्या : टिचकी?

आक्का : हं. बोटानं. देठाच्या मागे.

बाब्या : ती रोज जेवणाआधी तिथे उभी असायची. टिक, टिक करत. मला वाटायचं किडे उडवतेय. एकदा म्हटलंसुद्धा, किडे राहू दे, आधी वाढ.

आक्का : मग?

बाब्या : आली आणि वाढलं. काही बोलली नाही.

आक्का : मला बोलली होती. हसूनच.

बाब्या : आक्का, मला ह्यातलं काहीच येत नाही. पाणी किती, फुटवा कुठला काढायचा, करपा आला हे कसं ओळखायचं. तू दोन दिवसांनी जाशील.

आक्का : मला तरी कुठे हातानं येतं? सगळं ऐकून. आमच्याकडे तर परसही राहिलं नाही, तिसऱ्या मजल्यावर राहते मी. अजून मंगळवारी अकराला भाजी गॅसवरून उतरवून ठेवते. मग आठवतं.

बाब्या : मंगळवारी मी काम अकरानंतर घेऊ शकतो.

आक्का : लोकांचे नळ?

बाब्या : ते थांबतील तासभर. तुला टोमॅटोचं विचारलं तर चालेल?

आक्का : विचार. फक्त एक आहे. फोन वाजला की मी न बघताच 'बोल गं' म्हणते. सवय आहे. तू एकदम गोंधळून जाशील.

बाब्या : नाही गोंधळणार. तू म्हण तसंच.