फुंकायचं की पळायचं?

आमच्या अप्पांनी डॉक्टरला पळवलं, ते सांगितलंय का तुम्हांला? अप्पांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, खोकला हटेना, म्हणून तंजावूरच्या दवाखान्यात फुप्फुसांची तपासणी ठरली. डॉक्टर परगावचे, तमिळ नुकतंच शिकलेले. त्यांनी अप्पांच्या नाकाला चिमटा लावला, पाण्याच्या पिंपाला जोडलेली नळी तोंडात दिली, छातीभर श्वास घ्यायला लावला आणि एकदम ओरडले, “ओडु! ओडु!”

त्यांना म्हणायचं होतं ‘ऊदु’, म्हणजे फुंक. ‘ओडु’ म्हणजे पळ! पिंप फुटतंय असं वाटून अप्पा चिमट्यासकट थेट फाटकापर्यंत पळाले.

मागोमाग डॉक्टर धापा टाकत आले आणि कपाळाला हात लावून पुटपुटले, “अरे देवा, कुठे निघाला हा म्हातारा!”

अप्पा गर्रकन वळले आणि गेंगाण्या आवाजात कडाडले, “मराठी येतं होय तुम्हांला? मग सरळ ‘फुंका’ म्हणायला काय झालं होतं!”