पाऊण मिलिमीटर खाली

...आणि वर मलाच विचारतात, 'तासाभराचं काम असेल ना?' तासाभराचं! अहो, तासभर तर मला नुसता चष्मा सापडायला लागतो! सिलिंडर म्हणजे काय केळं आहे, सोललं आणि दिलं हातात? नाही, तुम्हीच सांगा. बावीस वर्षं मी टू-स्ट्रोक इंजिनांचे सिलिंडर कोरतोय, शर्यतीच्या एटीव्हींचे, त्या नाही का चार जाड्याजुड्या टायरांच्या, हँडलवाल्या, मातीतनं उड्या मारत जातात, त्यांचे... आणि बावीस वर्षांत एकच गोष्ट शिकलो. तुम्हाला सांगतो, काढलेलं परत लावता येत नाही!

तर आमचा मेहुणा. बायकोचा एकुलता एक भाऊ. 'एकुलता एक' हे मी नाही म्हणत, ती म्हणते, दिवसातनं चार वेळा. हा चार वर्षं शर्यतीत उतरतोय आणि चार वर्षं शेवटून पहिला, फार तर शेवटून दुसरा. एक दिवस वर्कशॉपात आला, काखेत टॉवेल, टॉवेलात गुंडाळलेला सिलिंडर, तान्हं बाळ दवाखान्यात आणावं तसा! 'भावजी, वळणातनं निघताना गाडी ओढतच नाही हो! नुसती वंऽऽऽ करते आणि बाकीचे सगळे पसार! मला खालची ताकद पाहिजे. खालची!'

मी सिलिंडर दिव्याखाली धरला, आत डोकावलो आणि कपाळाला हात लावला. आता तुम्ही म्हणाल, काय दिसलं? तर ऐका. सिलिंडर म्हणजे एक नळकांडं. त्याच्या भिंतीला खिडक्या. आत पिस्टन वरखाली करतो, खिडक्या झाकतो, उघडतो. धूर जायची खिडकी जेवढी उंच, तेवढी ती लवकर उघडते, आणि मग इंजिनाला जोर येतो तो एकदम गरागरा फिरायला लागल्यावरच. खिडकी बुटकी असली की हळू फिरतानाही दणकून ओढतं. झालं, एवढंच शास्त्र! आणि ह्याची खिडकी? कोणीतरी वर, वर, वर नेलेली! कोणीतरी म्हणजे कोण, शिट्टीवाल्यानं. पलीकडच्या गल्लीत बसतो. त्याचं प्रत्येक इंजिन शिट्टीसारखं किंचाळतं. त्यानं ह्याला सांगितलं असणार, 'साहेब, वाढवून देतो, नुसती मजा बघा!' कोणाला मजा? आता ती भिंत काय तो थुंकी लावून चिकटवणार आहे? काढलेलं परत लावता येत नाही!

मी म्हटलं, नवीन घे. तर हा टॉवेलाचं टोक पिळत बसला. म्हणाला, 'भावजी, वेळ नाही. हिनं सांगितलंय...' ही म्हणजे त्याची बायको. शाळेत गणित शिकवते. कधी आवाज चढवत नाही, तीच तर भीती! चार वर्षं बिचारीच्या जेवायच्या टेबलावर कार्बोरेटर, बाथरूमच्या टबात टायर, आणि उशीच्या अभ्र्याला टू-स्ट्रोक ऑइलचा वास. परवा शांतपणे म्हणाली, 'रविवारी पहिल्या तिघांत आलात तर गाडी राहील. नाहीतर सोमवारी गिऱ्हाईक येतंय.' बास. पुढचं वाक्य नाही, मागचं नाही. आणि इकडे घरी आमची ही, 'अहो, माझा एकुलता एक भाऊ...'

मग काय करता! खिडकी खाली आणता येत नाही ना? मग अख्खा सिलिंडरच खाली आणायचा. लेथवर चढवायचा, बूड घासायचं, पाऊण मिलिमीटर. तो तेवढा खाली बसला की खिडक्याही त्याच्याबरोबर खाली. सोपं वाटतं? पण मग पिस्टन तेवढाच वर डोकावतो आणि हेडवर, म्हणजे वरच्या झाकणावर, जाऊन आपटतो, धाड! म्हणून हेडही आतनं तेवढंच कोरायचं. मग प्लगच्या भोकातनं कथलाची तार आत सरकवायची, इंजिन हातानं फिरवायचं, तार चेपली की ती बाहेर काढून मोजायची... पाच वेळा! आणि हा शेजारी स्टुलावर बसून, पाय हलवत, 'भावजी, एक मिलिमीटरच करून टाका ना, राउंड फिगर!' राउंड फिगर! अरे, ही काय भाजीची पिशवी आहे? माझी मान दुखतीये, डोळ्यांत पाणी आलंय, श्वास रोखून मी केसाएवढं केसाएवढं उतरवतोय, का? कारण काढलेलं परत लावता येत नाही!

आला रविवार. नऊ गाड्या ओळीत. आमच्याकडच्या दोघी माझ्याबरोबर दोरीपाशी, वहिनी, म्हणजे मेहुण्याची बायको, उजव्या हाताला छत्री उघडून, चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. झेंडा पडला... आणि मंडळी, खोटं नाही सांगत, माझा मेहुणा असा निघाला, असा निघाला, की मागच्या आठांनी नुसती त्याची माती खाल्ली! पहिलं वळण, हा पुढं. दुसरं वळण, इंजिन कसं, डुग्ग-डुग्ग-डुग्ग करून खालूनच उचलतंय, हा अजून पुढं! आमची ही माझा दंड पिळतीये. आणि तिसरं वळण डावीकडे... आणि हा सरळ!

सरळ! पट्टी तोडून, बांध ओलांडून, जिथं लोकांनी मोटारी लावल्या होत्या तिथं! आणि मागचे चार, धुळीत त्याच्या पाठीकडे बघत येणारे, तेही त्याच्या मागोमाग सरळ! मागून येणाऱ्या उरलेल्या चौघांनी हा सगळा तमाशा बघितला आणि वळण बरोबर घेतलं.

नंतर मी विचारलं, अरे बाबा, रस्ता दिसत नव्हता का? तर काय म्हणाला माहितीये? 'भावजी, चार वर्षं मी पुढच्याच्या पाठीकडे बघून वळतो हो! सरावातसुद्धा. आज समोर कोणी नव्हतंच! मी बघू कोणाकडे?' आता ह्याला काय म्हणाल? मी खिडक्या मोजल्या, तार मोजली, हेड मोजलं... ह्याला वाट माहितीये का, हे विचारायचं राहिलं! तरी तो परतला, जीव तोडून दामटली त्यानं, एकाला मागे टाकलं, आणि आला चौथा. चौथा! आयुष्यातला सगळ्यात चांगला नंबर आणि तोही कमी पडला. मला वाईट वाटलं. मघापासून मी चेष्टा करतोय खरी, पण हेल्मेट काढून जमिनीकडे बघत उभा होता ना, ते बघवेना.

सोमवारी आम्ही दोघं मेहुण्याकडे गेलो होतो, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. मेहुण्यानं गाडी पुसून फाटकाशी उभी केलेली, सीटवरनं हात फिरवतोय, फिरवतोय... गिऱ्हाईक म्हणालं, 'चालवून दाखवा.' ह्याच्यानं बसवेना. वहिनी म्हणाली, 'सरका.' पर्स ह्याच्या हातात दिली, चष्मा नाकावर नीट बसवला, ह्याचं हेल्मेट चढवलं, बसली. अंगठ्यानं गॅस दाबला, एवढासा, आणि ती गेली! हो, गेलीच! गल्लीच्या टोकाला वळली, आली. परत गेली. गिऱ्हाईक आपलं फाटकाशी, मान इकडे, मान तिकडे. तिसऱ्या फेरीनंतर उतरली, हेल्मेट काढलं, केस नीट केले आणि गिऱ्हाइकाला म्हणाली, 'विकायची नाही.'

मेहुण्यानं आनंदानं मला मिठीच मारली. 'भावजी, राहिली! माझी गाडी राहिली!' वहिनी म्हणाली, 'राहिली. माझी.' आणि माझ्याकडे वळून, अगदी वर्गात फळ्यापाशी उभी असल्यासारखी, 'भावजी, वळणातनं छान निघते. पण सरळ रस्त्यावर दम संपतो. मला वरची ताकद जास्त हवी.'

मी म्हटलं, वहिनी, अहो, बूड घासलंय मी, पाऊण मिलिमीटर, काढलेलं परत...

'मग नवीन सिलिंडर मागवा,' ती म्हणाली.

मी आशेनं आमच्या हिच्याकडे बघितलं. आता तरी बाजू घेईल की नाही नवऱ्याची? बावीस वर्षांची मान, डोळे, सगळं बघितलंय हिनं! तिची नजर गाडीवर, आणि अंगठा हवेतच गॅस दाबतोय. शांतपणे म्हणाली, 'अहो, दोन मागवा.'

मागवलेत. दुसरा कोणासाठी, हे मी विचारलेलंसुद्धा नाही.