खुशालरावांची गुळाची तुला

…आणि वर पुन्हा लोक म्हणतात, सुटले एकदाचे खुशालराव! अहो, सुटले कुठले? वजन म्हणजे काय मोतीबिंदू आहे, एकदा काढला की गेला? तुम्हाला सांगतो, तीन मणांचा माणूस दोन मणांवर आला तेव्हा साऱ्या मोर्शीत डंका वाजला, पण त्या दोन मणांवर तो पुढे टिकला कसा, कोणाकोणाच्या दारावरून कसं नाक दाबून गेला, हे कोणी विचारलं? नाव सोडा! उतरवणं सोपं हो… राखणं कठीण!

आता खुशालराव म्हणजे कोण, तर मोर्शीचे संत्र्याचे बागवाले. राजापेठेच्या बाजारात माल घेऊन उभे राहिले की भाव ते म्हणतील तो. आणि खाण्याचे दर्दी तर असे की, वावरात कुठे गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे लागले आहेत हे नुसत्या धुरावरून ओळखायचे. ओट्यावर बसल्या बसल्या नाक वर करून म्हणायचे, "हे पंजाबरावच्या मळ्यात दिसते… अन् गोवऱ्या ओल्या हायेत लेकाच्या!" आणि निघायचे. बोलावणं? बोलावणं कशाला पाहिजे? धूर आला म्हणजे बोलावणं आलंच की!

पण इतका मोठा बागवाला, आणि स्वतःच्या बागेचं शेवटचं टोक त्यानं जन्मात पाहिलेलं नाही! विहिरीपाशी खाट टाकलेली, खाटेवर खुशालराव, आणि तिकडून माणसं येऊन सांगणार, अमुक ओळीला फळ बरं आहे, तमुक ओळीला डिंक्या रोग लागला. एकदा काय मनात आलं, निघाले पाहायला, आणि निम्म्यातच बसले मटकन! श्वास आत जाईना, बाहेर येईना, तोंड जांभळं पडलेलं. अकोल्याचा मेहुणा आला, घातलं गाडीत, नेलं अकोल्याला डॉक्टरकडे. डॉक्टर इंग्रजी शिकलेला, चष्म्यावरून पाहणारा. म्हणतो कसा, "हे पाहा, हे हृदय एका माणसाला पुरेल इतकं आहे. तुम्ही आहात दीड. वरचा अर्धा कमी करा, नाहीतर खालचा एकही राहायचा नाही!"

आणि इकडे मोर्शीत काय चाललं होतं? सत्यभामाबाई, म्हणजे खुशालरावांचं कुटुंब, देवीच्या देवळात पदर पसरून उभ्या. "माय, यायले पायावर उभं कर, दर चैतात यायच्या वजनाचा गूळ साऱ्या गावाले वाटीन!" आता घाबरलेली बाई, नवस बोलताना विचार थोडाच करते! वजन उतरवायला सांगितलं डॉक्टरनं, आणि वजनावर गूळ लावला बाईनं. देवीनं दोघांचंही ऐकलं, हीच तर पंचाईत!

पहिली तुला झाली तेव्हा खुशालराव खाटेवरून नुकतेच उठलेले, अजून अख्खे होते. कापसाच्या जिनातला मोठा काटा मागून आणला, देवळापुढच्या लिंबाला टांगला, एका पारड्यात खुशालराव, दुसऱ्यात गुळाच्या भेल्या, काटा नुसता कुरकुर करतोय आणि गाव खुशीत! घरोघर गूळ, पोरांच्या हातात गूळ, म्हशीच्या तोंडात गूळ. मग खुशालरावांनी मनावर घेतलं. कोरभर भाकर, अंबाडीची भाजी, बिनफोडणीचं वरण आणि ताक. वर्ष गेलं. आणि तुम्हाला सांगतो, ते वर्ष मजेचं असतं बरं का! रोज कोणीतरी थांबवतं, "वा, खुशालराव, मान दिसायला लागली!" धोतराला गाठ जास्त बसते, अंगठी बोटातून निसटते, माणूस आपला स्वतःवरच खूश! शिंप्याकडे कोट घेऊन गेले. त्यानं कोट आवळून दिला, पण जास्तीचं कापड कापलं नाही, आत दुमडून ठेवलं. म्हणाला, "राहू द्या जी आतमंदी… लागते मंग!"

लागते मंग! ऐकलंत? शिंप्याला ठाऊक होतं! उतरवणं सोपं… राखणं कठीण!

कारण एकदा उतरलं की वाहवा बंद. झाड वाढत असतं तोवर लोक म्हणतात काय वाढलं, काय वाढलं. वाढून उभं राहिलं, मग त्याच्याकडे कोण पाहतो? खुशालराव दोन मणांवर उभेच्या उभे, रोज तीच कोरभर भाकर, आणि शाबासकीला चिटपाखरू नाही. उलट दुसऱ्या तुलेला काय झालं? पारड्यात दोन मण गूळ चढला आणि काटा सरळ! आळीतल्या शेवटच्या घरांना गूळ मिळाला सुपारीएवढा. देवळाचे पुजारी नत्थुजी, त्यांचा वाटा तर परडीच्या बुडालाच चिकटून बसला. आणि शेजारच्या मनकर्णाबाई, तोंडाच्या फटकळ, वयानं मोठ्या, भर देवळात म्हणतात, "काहून हो खुशालभाऊ, देवीसंग बी अडत्यावानी वागता काय? गूळ वाचवासाठी जेवून नाई राहिले म्हन्ते लोकं!"

घ्या! माणूस भुकेनं तळमळतोय आणि गाव म्हणतं चिक्कू! व्यापारी माणसाला चोर म्हणा एक वेळ, हसून सोडून देईल, पण देवाच्या दारात चिक्कू?

मग सुरू झाली ताटं. तुम्हाला वाटेल चांगुलपणा. चांगुलपणा होताच हो, वऱ्हाडातला माणूस वाढताना हात आखडत नाही… पण गुळावर डोळा नव्हता असं मी म्हणणार नाही! सोमवारी मनकर्णाबाईंची पुरणपोळी, तुपात बुडालेली. "एकच खा जी. पातळ हाय, मोजाची बी नाई!" मंगळवारी कोणाच्या पाटवड्या, वर रस्सा, रश्शावर तेलाचा बोटभर तवंग. नत्थुजी तर प्रसादच घेऊन येणार. "नाई म्हनू नोका खुशालराव! देवी सपनात आली व्हती. म्हने, माहा भक्त वाळून राहिला." आता देवीला काय सांगणार, की मला अकोल्याच्या डॉक्टरनं मना केलंय? खुशालराव हात जोडायचे, ताट कपाळाला लावायचे, आणि सत्यभामाबाईंच्या हाती द्यायचे. सत्यभामाबाई म्हणायच्या, "अन्न हाय बापा, टाकावं कसं?" आणि चुलीपुढे बसून त्या ते संपवायच्या. टाकायचं नाही ना! पाप लागतं.

आणि खुशालराव ओसरीत बसून ऐकायचे. हो, ऐकायचे! पुरणपोळी मोडल्याचा आवाज येतो, तुम्हाला ठाऊक नसेल. उपाशी माणसाला येतो. पोळीचा पापुद्रा सुटतो, आतून वाफ निघते, वेलदोड्याचा वास भिंत ओलांडतो, आणि खुशालराव आपले ताकाचा घोट घेतात, डोळे मिटून… जसं काही त्यातच पुरण आहे! रोडग्यांचा हंगाम तर विचारू नका. संध्याकाळी चहूकडून धूर. गोवऱ्यांच्या आरातून काढलेला रोडगा, वरची राख फुंकरीनं झटकलेली, मुठीनं फोडला की आतला मऊ भाग पांढरा, त्यावर तूप, शेजारी वांग्याची झणझणीत भाजी… खुशालराव ओट्यावर उभे राहून नाक वर करायचे. पाय निघायचे नाहीत. डोळ्यांत पाणी यायचं. कोणी विचारलं तर म्हणायचे, "धूर गेला जी डोयात." उतरवणं सोपं… राखणं कठीण!

मग राखायचं तरी कशाला? खावं की पोटभर, म्हणावं मरायचंच आहे एक दिवस! तर त्याचं असं आहे की रोज सकाळी दव असताना खुशालराव आणि सत्यभामाबाई बागेत जायचे. पायी. दोघं. पार शेवटच्या ओळीपर्यंत, जिथे खुशालराव उभ्या जन्मात गेले नव्हते. पहिल्यांदा गेले तेव्हा तिथे संत्र्याचा आंबिया बहार फुललेला, पांढरा शुभ्र, आणि वास असा की माणूस बोलायचाच थांबावा. खुशालराव म्हणाले, "हे एवढं होतं इथी, अन् मले कोनी सांगतलं नाई?" सत्यभामाबाई म्हणाल्या, "सांगतलं होतं नं जी. दरसाल सांगो. तुमी खाटेवरून 'हो हो' म्हनत होते." बस्. त्या दिवसापासून हा माणूस पुरणपोळीपुढे हात जोडायला लागला. रोज जोडायचा आणि रोज त्याचा जीव तिच्यात अडकायचा. कारण वाटेत दम लागला, तर ती शेवटची ओळ पुन्हा ऐकीवच राहणार, हे त्याला पक्कं कळलं होतं.

वर्षांमागून वर्षं गेली. दर चैत्रात तुला, दर चैत्रात तेच दोन मण, आणि दर चैत्रात गावाची तोंडं आंबट. मग आली ही गेल्या खेपेची तुला. लिंबाला काटा टांगला. खुशालराव मांडी घालून बसले. भेल्या चढल्या. काटा सरळ. दोन मण, ना इकडे ना तिकडे. कोणी टाळी नाही, काही नाही. मागून आवाज आला, "गूळ वाचला वं माय!" आणि सगळं देऊळ हसलं!

खुशालरावांचे कान तापले. पारड्यात बसल्या बसल्या त्यांना काय काय दिसलं असेल… पुरणपोळी दिसली, वांग्याची भाजी दिसली, गावाची तोंडं गोड झालेली दिसली, आणि देवीपुढे हात जोडून मोठ्यानं म्हणाले, "माय, पुढच्या साली तीन मन…"

पुढचा शब्द निघाला असता तर संपलं होतं! देवीपुढे बोललेला शब्द, तोही व्यापाऱ्याचा… तीन मण व्हावंच लागलं असतं! पण तो निघायच्या आत सत्यभामाबाईंनी लुगड्याचा काष्टा आवळला, "सरका जी जराशे!" म्हणाल्या, आणि सरळ पारड्यात जाऊन बसल्या, नवऱ्याला खेटून! "माय, नवस यायनं नाई, म्या बोलला होता. आजपासून दोघायचा जोख!"

आणि पारडं जे खाली आलं… तुम्हाला सांगतो, धप्प! पलीकडचं पारडं वर उडालं, भेल्या गडगडत नत्थुजींच्या पायापर्यंत. चढवा गूळ! अजून चढवा! काटा हलेना. दुकानातून आणखी आणला, तरी हलेना. गाव एकमेकांकडे पाहायला लागलं. खुशालरावांचा गेलेला मण इतकी वर्षं कुठे होता, ते साऱ्या मोर्शीला त्या दिवशी उमगलं. मनकर्णाबाई हळूच म्हणाल्या, "देवी पावली!" नत्थुजी गूळ गोळा करत म्हणाले, "पावली कसली, ओसंडली!"

झालं. अब्रू राहिली, शब्दही राहिला. खुशालराव दोन मणांवर आणि गाव गुळात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं बागेत निघाले. चाल त्यांची वर्षागणिक मंदावत आलीच होती, पण आज निम्म्यात सत्यभामाबाई थांबल्याच. कमरेवर हात, श्वास वर. "बसू काय जी थोडसं?" आणि बसल्या झाडाखाली. खुशालरावांनी त्यांच्याकडे पाहिलं, लांब त्या शेवटच्या ओळीकडे पाहिलं. शेजारी टेकले. म्हणाले, "सत्यभामा, माह्यासाठी लय केलं तुनं. आता तू उतर जराशी."

सत्यभामाबाई म्हणाल्या, "उतरीन नं. उतरवाले काय हाय? कोरभर भाकर खाईन, ताक पेईन. पन मंग लोकायचे थे ताटं? अन्न तं टाकता येत नाई… थे आता तुमालेच खा लागन."

छे, छे, भलतंच काय, असं म्हणायला खुशालरावांनी तोंड उघडलं… आणि तुम्हाला खोटं कशाला सांगू, तोंडात इतकं पाणी सुटलं होतं की बोलायला जागाच नव्हती!