दगडावरचा थेंब

हसू नका रे माझ्या चुळबुळीला. मुकुंदवाडीला मुलगी बघायला गेलो होतो, तेव्हा तर पाय एका जागी ठरतच नव्हते. मामा डोळे वटारत होता आणि मुलीचे वडील विचारत होते, "पावणं, तुम्ही तेलाच्या विहिरीवर कामाला. खाली तेलाचं तळं असतंय का हो?"

"तळं नाय काका. दगडात मुरलेलं असतंय."

त्यांना काही पटेना. हाताला चाळा म्हणून विहिरीतून निघालेला वाळूच्या दगडाचा एक तुकडा माझ्या खिशात असायचा. तो टीपॉयवर ठेवला आणि बोटानं पाण्याचा थेंब सोडला. थेंब लगेच आत जिरला. बोटभर सरकून दुसरा सोडला, तर तो तसाच उभा राहिला.

काका वाकून बघायला लागले. "दगड तर सगळा एकसारखाच दिसतोय की!"

"दिसतो. पण बोटाबोटावर बदलतो. एका जागी बघून अख्ख्याचा अंदाज बांधला की आम्ही लई फसतो."

मामानं कपाळाला हात लावला. कारण चहाचा ट्रे घेऊन आलेली मुलगी दारातच थांबून म्हणाली, "ऐकलंत ना बाबा? अन् तुम्ही एका चहात होकार द्यायला निघालात!"

मग तिनं मला पुन्हा पुन्हा बोलावलं, दर वेळी नवा प्रश्न. आता पोरं कॉलेजात गेली, तरी हिचं थेंब टाकून बघणं चालूच आहे. मी चुळबुळ नाय करणार तर काय करणार?