खांबाचे पाय

...नाही पण मला सांगा, बापाला गाडी चालवणं सोडा म्हणायचं तर सरळ तोंडाने म्हणावं ना, त्याला आलेख कशाला? तुम्हाला सांगतो, उंच खांब दिसला की आधी त्याचे पाय बघावेत. तर झालं काय, मुलगी आणि जावई जेवायला आले, जेवणं झाली, आणि मुलीने टीव्हीवर आलेख लावला. ऑफिसात दिवसभर हेच करते, आता बापावर प्रयोग. आदल्या रविवारी तिने आम्हा सासऱ्या-जावयाला मोबाईलवर एक खेळ दिला होता, लाल दिवा दिसला की बोट दाबायचं... मी आपला हौसेने खेळलो. तर ती चाचणी होती. पडद्यावर दोन खांब. जावयाचा हिरवा, घोट्याएवढा. माझा लालभडक, पार छताला टेकलेला. "बाबा, ब्रेक दाबायला तुम्हाला किती वेळ लागतो बघा," इतक्या मऊ आवाजात म्हणाली की माझा संशय तिथेच पक्का झाला. जावई स्वतःची नखं बघत बसलेला.

मी चष्मा लावून टीव्हीला नाक लावलं. शून्य कुठाय? आलेख सुरूच होत होता जावयाच्या आकड्याच्या जरा खालून. म्हणजे आम्ही दोघं गळ्यापर्यंत पाण्यात उभे, आणि पोरीने नुसती डोकी मोजली.

"खांबांचे पाय कुठे गेले?"

"फरक दिसावा म्हणून कापले, बाबा."

"दिसावा म्हणून, की मोठा दिसावा म्हणून? शून्यापासून काढ."

काढला. दोन्ही खांब जुळ्या भावांसारखे, माझा केसभर उंच. म्हणून म्हणतो, आधी पाय बघावेत. पण जिंकलेल्या माणसाला थांबता येतं का... म्हटलं, "आणि एकच चाचणी का? सगळं मांड, निवडून घ्यायचं नाही."

आमची ही इतका वेळ भांडी आवरत होती. तिथूनच म्हणाली, "सगळं ना? मग गाडीचे ओरखडेही मांड."

"ते गाडी उभी असताना कोणीतरी घासून गेलं."

"कोण, आपलं फाटक? दवाखान्याची भिंत? आणि परवा ती सायकलवाली उडी टाकून बाजूला झाली, तीही उभ्या गाडीला घाबरून?"

तिचा आवाज कापत होता हो.

मुलीने ओरखड्यांचा आलेख काढला. शून्यापासून, दोघांना एकच रंग. जावयाचा खांबच नाही. माझा मात्र होता, आणि पाय बघितले... जमिनीवर घट्ट.

आता गाडी आमची ही चालवते. मी शेजारी बसून "सावकाश, सावकाश" म्हणतो म्हणून मला मागे बसवलंय. खिडकी उघडायची तरी पुढे अर्ज करावा लागतो.