त्सोना आजीच्या धुराड्यावरचा गुरू

…आणि वर आजोबा मलाच म्हणतात, “तुझी दुर्बीणच भिकार!” भिकार? अहो, तुम्हाला सांगतो, कॉलेज सोडल्यावर दोन उन्हाळे लोकांचे टोमॅटो खुडून घेतलीय ती! शहरातल्या तारांगणात एक जागा निघाली होती, डिग्री नको, फक्त घरून काढलेला गुरूचा एक स्वच्छ फोटो, शुक्रवारी सातच्या आत. जमला की या गावातून सुटलो! पण जानेवारीत संध्याकाळी गुरू उगवतो कुठे? बरोब्बर शेजारच्या त्सोना आजीच्या धुराड्यावर! आणि धुराडं तापलं की गुरू उकळत्या रश्श्यातल्या बटाट्यासारखा नाचतो. दोन मिनिटांच्या व्हिडिओत हजारो चित्रं, त्यातली स्थिर तेवढी निवडून एकावर एक रचायची… एक तरी स्थिर हवं ना!

त्यात नवल काय, म्हणाल. नवल हे, की त्सोना आजी मेलीय! महिना उलटला. दाराला कुलूप, त्यावर तिच्या फोटोचा श्रद्धांजलीचा कागद. मग मला सांगा, कुलूपबंद घरात चूल कोण पेटवतं?

आजोबांना विचारलं. “तुला भास होतोय, रादको.” “तिच्या भिंतीला हात लावा, गरम लागतेय!” “मला या वयात सगळं गारच लागतं.” खोटारडा म्हातारा! या गावात सगळे असेच. खरं बोलायची वेळ आली की यांना ऐकू येत नाही.

गुरुवारी खिडकीतून आत उतरलो. पलंग आवरलेला. चुलीत निखारे लाल. समोर तिच्या सपाता, चवडे आगीकडे केलेल्या… जशा कुणी पाय शेकत बसावं. कुलूपबंद घरात चूल कोण पेटवतं, सांगा की! ओतली बादली. फुस्स! आणि माझ्या मागे कुणीतरी उसासा टाकला. वारा म्हणा. तुम्ही म्हणा, मी नाही म्हणत.

शुक्रवारी दिवेलागणीला गुरू असा स्थिर, असा स्थिर… पट्टे, तांबडा डाग, सगळं लख्ख! बटण दाबलं आणि चित्र पांढरं. बघतो तर दुर्बिणीच्या पुढच्या काचेवर वाफेचा गोल, तोंड जवळ नेल्यावर उमटतो तसा. अहो, मी मागे होतो, लॅपटॉपपाशी! पुसला. पुन्हा उमटला. तिसऱ्यांदा पुसायला गेलो तर माझा हात कुणीतरी बाजूला सारला… हळूच, म्हातारी माणसं सारतात तसा.

तेवढ्यात आजोबा आले. बगलेत लाकडं, हातात तिच्या घराची किल्ली! काचेकडे बघून त्यांनी टोपीच काढली.

“चूल विझवलीस?”

“म्हणजे तुम्ही पेटवत होता?”

“शब्द दिला होता तिला. मेलेलं माणूस चाळीस दिवस घरातच असतं, तोवर घर ऊबदार ठेवीन म्हणून. घर गार केलंस, आता बाई जाईल कुठे?”

“माझा फोटो, आजोबा! पावणेसात झाले!”

“ओरडू नकोस. बघू दे तिला. वयाने मोठी आहे.”

“अहो, पण ती उलट्या बाजूने बघतेय!”

“तिला दिसतंय ना? मग झालं.”

ऐकलंत? वयाने मोठी! जन्मभर यांनी आधी बसायचं, आधी जेवायचं, आधी बोलायचं, आणि मेल्यावरही… सात वाजले. आठ वाजले. काचेवरची वाफ काही हटेना. मी मुकाट माझ्याच दुर्बिणीमागे रांगेत दुसरा. तर आजोबांनी लाकडं खाली ठेवली, आले आणि मला कोपराने मागे ढकललं.

“तिचं झालं की मी. तू लहान आहेस.”

सरकलो.